रस्त्याचा कर

वालूरच्या मन्मथअप्पांनी दुधनेच्या धरणात फिरायला हौसेनं मोटारबोट घेतली, पण पाण्याला भिणाऱ्या त्यांच्या बायकोनं, शिवम्मांनी, तिच्यात पायसुद्धा ठेवला नव्हता. त्यात डिझेलच्या भावात रस्त्याचा करही असतो, हे कळल्यापासून अप्पांचं डोकंच फिरलं. "माजी बोट काय रस्त्यावर चालती का? मग मी कशापायी भरू?" असं ते सेलूच्या पंपावर दर खेपेला भांडायचे. शेवटी पंपवाल्यानं वैतागून नियम दाखवला, "कॅनमधी डिझेल भेटत न्हाई, अप्पा. गाडी घेऊन या."

अप्पा हट्टाला पेटले आणि बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून निघाले. सेलूच्या बाजाराला जायचं म्हणून शिवम्मा पिशवी घेऊन पुढं आल्या. "अवो, रस्त्यावर बुडायची भीती न्हाई ना? मग मी बी बोटीत बसते." खड्ड्याखड्ड्यांतून बोट डुलायला लागली, तशा त्या पदर सावरत, ओळखीच्यांना हात करत खळखळून हसू लागल्या. मागं वळून बघण्याच्या नादात अप्पांचा पंपच हुकला.



आता टाकी भरलेली असली तरी दर रविवारी बोट पंपावर जाते, आणि रस्त्याच्या कराबद्दल अप्पा चकार शब्द काढत नाहीत.