फोमच्या पलीकडे

आमच्या ह्यांनी शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं ते मला, कारण फोम कापून द्यायला मी बसायचे.

इंजिन अजून यायचं होतं. पंख भिंतीला टेकवून ठेवले होते. केबिन मात्र तयार होती: पत्र्याला आतून जाड फोम, त्यावर मी शिवलेलं कापड, दाराला रबराची पट्टी.

"तू आत बस," हे म्हणाले. "मी बाहेरून डबा बडवतो. ऐकू आलं तर हात वर कर."

"आणि नाही आलं तर?"

"तर माझ्या कटकटीतून सुटलीस."

मी दार लावलं. काचेपलीकडे हे जीव तोडून डबा बडवत होते आणि आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती.

मग त्या शांततेत, फोमच्या पलीकडून, वारा ऐकू आला. झुळूक नव्हे, न संपणारा, अफाट वारा. काच पांढरी झाली, हे दिसेनासे झाले. माझ्या कानांना दडे बसले. घाबरायला हवं होतं, पण माझे हात आपसूक जोडले गेले.

वारा थांबल्यावर मी दार उघडलं. शेड दुपारच्या उन्हानं भट्टीसारखी तापली होती. ह्यांचा डबा जमिनीवर पडला होता.

"उतरलीस कधी?" ह्यांनी हळूच विचारलं.

"अहो, अजून आतच बसलेय मी."

ह्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. केबिनच्या पत्र्यावर बर्फाचा पातळ थर चढला होता आणि तो वितळून टपटपत होता.

भिंतीला टेकवलेले पंखही ठिबकत होते.