घट्ट हाताचे टाके

"माझ्या सुयांना हात कोणी लावला?" पणतीच्या बारशासाठी विणायला घेतलेल्या टोपड्यावरून बोट फिरवताच द्वारकाबाई कडाडल्या. मधूनमधून काही ओळी घट्ट होत्या, आणि त्यांचा स्वतःचा हात तर सैल!

"मीच, आई," साठीची सून पुढे आली. "टाका सुटला होता. तेवढं उसवून पुन्हा विणलं."

"उभ्या जन्मात माझा टाका सुटला नाही!"

"आठवडाभर रोज सुटतोय. दुपारी तुम्ही निजलात की मी नीट करते."

द्वारकाबाईंनी धागा ओढला. सरसर सारे टोपडे उसवले. बारसे चार दिवसांवर आलेले. सुनेचे डोळे भरले.

"रडतेस काय? चोरून विणलेलं माझ्या पणतीच्या डोक्यावर चढणार नाही." त्यांनी सुया सुनेच्या हातात कोंबल्या. "बस इथे, माझ्यासमोर. पहिल्यापासून वीण. आणि हात जरा सैल सोड."