महिपतीचं लिंबू

दोन हजार एकोणीस साल. होळी झाली आणि निडीच्या महिपतीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घशातून एकच घोगरा आवाज निघायचा.

खाट खिडकीशी लावली. बाहेर त्याचं कागदी लिंबाचं झाड, पलीकडे स्टेशनचा रस्ता. झाडावर त्याचा भारी जीव. दरवर्षी छाटायचा तोच. दुसऱ्या कुणाच्या हाती कोयता दिसला की आळी गोळा होईल असा ओरडायचा.

"बाप पडला तरी शकू फिरकली नाय," त्याची बायको विमलबाई म्हणायची. लेकीनं सहा वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न केलं, रोह्याला राहिली. "माझी पायरी चढू नको," असं महिपतीनंच बजावलं होतं.

मंगळवारी सकाळची गाडी गेली की महिपती डावा हात उचलून झाडाकडे धरायचा.

"मामंजी लिंबं मोजतात," सून अनिता हसायची. "एक कमी भरलं तर माझ्यावर नाव!"

पावसात झाड माजलं. फांद्या खिडकीच्या गजांना टेकल्या, खोलीत अंधार झाला. महिपती तिकडे बघून रडू लागला. सरबत दिलं, तोंड फिरवलं. हातात लिंबं ठेवली, ढकलून दिली.

शेवटी अनितानं कोयता घेतला. "जरा उजेड येईल, आई."

महिपती जिवाच्या आकांतानं ओरडला. खाटेवर हात आपटू लागला.

विमलबाईनं कोयता हिसकावला. "ठेव गो तो! जीव सोडतील ते." मग नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. "कुणी हात लावत नाय तुमच्या झाडाला. मी हाय ना."

तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

पुढे काही मंगळवार त्यानं हात उचलला. मग तेही थांबलं.

कार्तिकात तो गेला. दहाव्याच्या संध्याकाळी विमलबाईनं त्याच कोयत्यानं झाड बुडापासून तोडलं. त्या खिडकीशी ती पुन्हा कधी बसली नाही. अनिता लिंबं बाजारातून आणते. शकू आता पायरी चढते, दोन दिवस राहतेही.

दहाव्याला सकाळी आली तेव्हा मात्र ती रस्त्यावरच उभी होती.

"आता कशाला आलीस गो?" विमलबाईनं विचारलं.

"दर मंगळवारी यायचे, आये. पायरी चढायची नाय, म्हणून इथनंच बघायचे. बाबा खिडकीतून हात करायचे. पावसात हात दिसंना. वाटलं, पुन्हा रागावले."