परतीचे पट्टे

अभयारण्यातल्या पायवाटांवर झाडांना खुणेचे पट्टे मारणाऱ्या म्हाताऱ्यानं एका पत्राला कधीच उत्तर दिलं नव्हतं. ‘माझा मुलगा डोंगरावरून परतला नाही. परतीच्या खुणा होत्या ना?’ असं एका आईनं विचारलं होतं.

नव्हत्या. झाडांना दोन्ही अंगांनी पट्टे मारायचे असतात. त्यानं चढणाऱ्याला दिसतील तेवढेच मारले होते.

आज राहिलेलं काम उरकायला तो माथ्यावर जाऊन मागे वळला, तर परतीचे पट्टे होते. वर वाळलेले, खाली यावं तसे ओलसर, पायथ्याशी ओघळणारे.

त्यानं त्या आईला ‘नव्हत्या, चूक माझी’ एवढंच लिहून घराजवळच्या टपालपेटीत टाकलं. पेटीवर ओला पट्टा होता. पुढचा त्याच्याच दारावर.

“अहो, आलात का?” आतून बायको म्हणाली. “आत्ताच एक पोरगा आलाय तुमच्याकडे. हात बघा त्याचे, नुसते रंगानं बरबटलेत!”