मामीच्या तळटिपा

"ही मामी कोण?" शेंडे सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "तळटीप एक, मामी. तळटीप दोन, मामी. तळटीप तीन, मामी, रागात!"

संगणकाच्या वर्गात खसखस पिकली. नमिता जागेवरून उठली. सुक्या मासळीवरचा हा निबंध पास झाला, तरच तिचा विद्यापीठातला प्रवेश पक्का होणार होता.

"सर, माहिती कुठून मिळाली ते खाली लिहा, असं तुम्हीच म्हणालात. मला सगळं मामीनंच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मांजरानं बोंबील पळवला होता, म्हणून ती रागात होती."

सर इतके हसले की त्यांना टेबल धरावं लागलं. "अगं, ही तर मुलाखत! मामीचं पूर्ण नाव, गाव, तारीख टाक. पुन्हा तीच आली, तर नुसतं 'तत्रैव' लिही, म्हणजे 'तिथेच'. झाला तुझा निबंध पास!"

नमितानं व्हरांड्यात उड्या मारतच फोन लावला. "मामी, निबंध पास! तुझं नाव विद्यापीठात गेलं!"

"अगो मेल्ये, आधी नाही का सांगायचंस?" मामी ओरडली. "जरा बरी साडी तरी नेसले असते!"