पुलापलीकडे हिरवा

कस्तुराने सख्ख्या मामाशी लग्न केलं, तेव्हा तानूबाईच्या मनगटावरचा नीतिपट्टा लाल झाला. पट्ट्याने पाप म्हटल्यावर लेक कसली नि भाऊ कसला! बारा वर्षं तिने एकटीपुरती भाकरी थापली, पण मान वाकवली नाही.

आज मात्र घास उतरेना, म्हणून ती पूल ओलांडून कर्नाटकात शिरली आणि पट्टा हिरवा झाला. इकडे असं लग्न रीतीचंच होतं.

लेकीच्या दारात तिने ऐटीत मनगट पुढे केलं. "बघ गं, आता चालतंय."

"आणि लालच राहिला असता तर, आये?"

सबंध गावाला पुरून उरणाऱ्या तानूबाईने मनगट पदराआड घेतलं. कस्तुराने दार लावलं नाही, पण आत ये असंही ती म्हणाली नाही.