सलोमीच्या दारात

थोरली सून बाळंतपणात गेली. तिची पाच दिवसांची पोर बाटली तोंडात धरेना, आणि सकाळपासून तिचं रडणंसुद्धा थांबलेलं. वस्तीत अंगावर पाजणारी एकच, माझी धाकटी सून सलोमी.

सलोमीला मीच घराबाहेर काढलेली. पोरगी ख्रिस्तीच, पण जात आमची नव्हती. आणि दर रविवारी चर्चात मोठ्यानं प्रार्थना करायला मी पुढं!

तिच्या दारात माझी मान खाली गेली. "सलोमे, मला हाकलून दे, पण हिला पाज गं."

तिनं पोर उचलून छातीशी धरली. बऱ्याच वेळानं पोरीनं दूध ओढायला सुरुवात केली.

"आत या, आत्याबाई. दोन दिवस जेवला नसाल. माझ्या हातची भाकरी चालेल?"

जन्मभर टोमणे मारलेली बाई मी. तिच्या बोलण्यात टोमणा शोधत राहिले. सापडला नाही.